राजीनामा लिहून देऊ नका

प्रश्न : समृद्धी महामार्गाच्या शेलूबाजार भागातल्या कामावर मी पोकलेन ऑपरेटर म्हणून लागलो. नंतर कंपनीने दुसऱ्या साइटवर नेले. एकूण 4 वर्षे 7 महिने झाली. आता 'पुनर्रचना' सांगून राजीनामा मागतात. काम संपले, भरपाई नाही, असे म्हणतात. खरे का?
– एक वाचक, मंगरूळपीर

उत्तर : भाऊ, अर्धेच खरे. बांधकामाचा उपक्रम सुरू झाल्यापासून 2 वर्षांत काम पुरे होऊन बंद झाला, तरच कायदा भरपाईतून सूट देतो. तुमची कंपनी तर चालूच आहे, फक्त माणसे कमी करते आहे. ही कामगारकपात. अशा वेळी कंपनीला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे तुमचे 75 दिवस. राजीनामा दिलात की हे सगळे गेले! (तो मागतात तो उगीच नव्हे.) कपातीचे पत्र लेखी मागा. हजेरी, पगारचिठ्ठ्या, पीएफचा यूएएन सांभाळा. नेमणूक ठेकेदाराकडून असेल तर पहिला दावा त्याच्यावर. करार ठरावीक मुदतीचा असेल आणि मुदत संपली असेल, तर मात्र ही भरपाई नाही, ग्रॅच्युइटीचे विचारा. अडले तर वाशिमच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.