सोळा वर्षांचा ‘रन’ जोखायचा कसा?

सुपरहिरो कॉमिकच्या चाहत्यांत ‘रन’ हा शब्द सतत कानावर पडतो. एका लेखकाने एका मालिकेवर सलग केलेलं काम म्हणजे त्याचा रन. क्रिकेटशी संबंध नाही, पण वाद तितक्याच तावातावाने होतात. ख्रिस क्लेअरमाँटने मार्व्हलची ‘एक्स-मेन’ ही मालिका १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षं लिहिली. तिच्याबद्दल चार चाहते जमले की दहा मिनिटांत निकाल लागतो: फिनिक्सच्या कथेपर्यंत भारी, पुढे घसरला. असा निकाल देणाऱ्याने बहुधा पुढचं वाचलेलंच नसतं. वाचून निकाल द्यायचा असेल, तर त्याची ही कृती.

साहित्य: ९४ ते २७९ हे अंक (पुनर्मुद्रित संग्रह चालतील, पडद्यावरचेही चालतील), एक दोनशे पानी वही, पेन्सिल आणि आपल्याशी न पटणारा किमान एक मित्र. शेवटचा जिन्नस सगळ्यात सहज मिळतो. वेळ: सहा महिने.

सहा महिने अशासाठी, की रोज एकच अंक वाचायचा. ही अट मोडू नका. हे अंक सुरुवातीला दोन महिन्यांनी एक आणि पुढे दरमहा निघत होते. जाडजूड संग्रह एका बैठकीत वाचला, की प्रत्येक पात्र आपल्या शक्तीची ओळख पुन्हा पुन्हा का करून देतं, म्हणून जीव विटतो. सायलॉक आपल्या मानसिक सुरीचं वर्णन जवळपास त्याच शब्दांत करत राहते आणि आपण लेखकाला आळशी ठरवून मोकळे होतो. पण तेव्हा स्टँडवर चाळायला घेतलेला अंक कोणासाठी तरी पहिलाच असणार, हे धरून लिहावं लागे. त्या मुलाला सायलॉक कोण हे कुठून ठाऊक? मी स्वतः यातले काही अंक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, मिळतील तसे, उलटसुलट क्रमाने वाचले आणि कुठेही अडलो नाही. ते श्रेय या पाल्हाळालाच द्यायला हवं. तरी वहीत खूण करत जा. सवलत द्यायची ती खुणा मोजल्यावर.

वाचायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लेखकाच्या हाती काय आलं ते लिहा. ६७ ते ९३ या अंकांत ‘एक्स-मेन’मध्ये जुन्या गोष्टीच पुन्हा छापल्या जात होत्या, मालिका नावापुरती चालू होती. १९७५मध्ये लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका जाड विशेषांकात नवा संघ उभा केला. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस ही त्या दोघांची निर्मिती. वुल्व्हरिन तर त्याआधीच, १९७४मध्ये, ‘हल्क’च्या अंकात येऊन गेला होता. म्हणजे ज्या पात्रांवरून क्लेअरमाँटचं नाव घेतलं जातं, त्यातली बरीचशी त्याला आयती मिळाली. त्याने ती कुठे नेऊन ठेवली, तेवढंच मापायचं आहे.

आता श्रेयाची वाटणी. हे काम सगळ्यात किचकट, त्यामुळे लोक तेच टाळतात. मार्व्हलच्या पद्धतीत लेखक आधी कथेचा आराखडा देई, चित्रकार त्यावरून पानं रचून काढी आणि मग लेखक संवाद भरी. प्रसंगाची मांडणी निम्मीअधिक चित्रकाराच्या हातात असे. म्हणून वहीत लेखकाच्या नव्हे, चित्रकारांच्या नावाने रकाने आखा: कॉक्रम, जॉन बर्न (१०८ ते १४३), पुन्हा कॉक्रम, पॉल स्मिथ, जॉन रोमिटा धाकटा, मार्क सिल्व्हेस्ट्री, जिम ली. प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी लिहा: चित्रकार बदलला तेव्हा काय बदललं आणि काय टिकलं. टिकलं ते बहुधा लेखकाचं. बर्नच्या रकान्यात मात्र कथाही दोघांची आहे. बर्नचं नाव सहकथाकार म्हणून अंकांवर छापलेलं आहे, ते विसरू नका.

संपादकालाही रकाना हवा. १३७व्या अंकात संघातली जीन ग्रे मरते. या रनचं शिखर म्हणून सगळे १९८०च्या त्या अंकाकडे बोट दाखवतात. पण लेखक-चित्रकारांनी तो शेवट योजलाच नव्हता. त्यांच्या बेतानुसार जीनच्या शक्ती काढून घ्यायच्या आणि तिला जगू द्यायचं. फिनिक्स झालेल्या जीनने एक अख्खा वसलेला ग्रह भस्म केला आहे, तिला इतकी हलकी शिक्षा कशी, असं मुख्य संपादक जिम शूटर म्हणाला आणि शेवट बदलायला लावला. मूळ शेवट १९८४मध्ये वेगळा छापला गेला. तो मिळवून दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते शूटरचं बरोबर होतं, आणि हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

उलटा हिशेबही करा. १९८६मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेसाठी जीनला जिवंत केलं गेलं, क्लेअरमाँटच्या मनाविरुद्ध. तिचा जुना प्रियकर सायक्लॉप्स बायको मॅडलिन आणि तान्ह्या मुलाला टाकून तिच्याकडे धावला. पात्राला लागलेला हा बट्टा क्लेअरमाँटच्या खाती लिहू नका. पुढे मॅडलिन ही जीनची प्रतिकृती ठरली, मग खलनायिका झाली आणि मेली, त्याचं काय? त्यात मात्र त्याचा हात आहे. दुसऱ्याने केलेला गोंधळ निस्तरताना त्याने एका साध्यासुध्या बाईचा बळी दिला. वजावटीच्या बाजूला हे ठळक लिहा.

यानंतर एक पात्र निवडा आणि फक्त त्याचा माग काढा. मी स्टॉर्म सुचवतो. केनियात देवी म्हणून पुजली जाणारी, बंद जागेत गुदमरणारी, जीव घेणार नाही अशी शपथ वाहिलेली बाई, इथून सुरुवात होते. १७०व्या अंकात ती एका टोळीची म्होरकी असलेल्या कॅलिस्टोशी चाकूने लढते आणि वार करताना कचरत नाही. पुढे १७३मध्ये केस भादरून चामड्याचं जाकीट घालते. १८५मध्ये तिच्या शक्तीच जातात आणि १८६वा, बॅरी विंडसर-स्मिथने चित्रित केलेला अंक, म्हणजे जवळजवळ नुसतं दोन माणसांचं बोलणं. २०१व्या अंकात शक्ती नसलेली हीच स्टॉर्म सायक्लॉप्सला हरवून नेतृत्व घेते. वहीत या अंकांमधली वर्षं लिहिलीत, की १९७५ ते १९८६ असा अकरा वर्षांचा पट दिसतो, आणि त्यात चित्रकार चारदा-पाचदा बदललेले. ‘बर्न गेला आणि घसरला’ म्हणणाऱ्याला हे पान दाखवा. बर्न असताना स्टॉर्म बदलायला नुकती लागली होती.

सुटे धागे मोजायचं काम कंटाळवाणं आहे, पटकन उरका. तीन रकाने: बांधला, लोंबकळत राहिला, दुसऱ्याने बांधला. खलनायिका मिस्टिक आणि नाइटक्रॉलर यांच्या नात्याची चाहूल १४२व्या अंकात लागते. उत्तर १९९४मध्ये, क्लेअरमाँट गेल्यावर, दुसऱ्या लेखकाकडून येतं. तिसरा रकाना तुमच्या अंदाजापेक्षा लवकर भरेल.

शब्दबंबाळपणाची तक्रार खरी की ऐकीव, हे तपासायची सोपी रीत आहे. कुठलेही पाच अंक घ्या. आधी नुसती चित्रं पाहून गोष्ट एखाद्याला सांगा, मग मजकूर वाचा. चित्रात आधीच दिसलेलं पुन्हा सांगणारी प्रत्येक चौकट पेन्सिलने काटा. बर्नच्या पानांवर बरंच कटेल. स्मिथच्या पानांवर कमी कटेल असा माझा अनुभव, कारण तिथे लेखकाला चित्रं गप्प राहून बोलताना दिसली असावीत.

खरी परीक्षा मधल्या अंकांवर. दोन गाजलेल्या कथांच्या फटीत जे निघाले, ज्यांना कोणी नाव दिलं नाही, ते काढा. १४३व्या अंकात नाताळच्या आदल्या रात्री संघातली पोरसवदा किटी प्राइड संघाच्या वाड्यात एकटी आहे आणि एक राक्षस आत शिरतो. १५३मध्ये तीच किटी कोलोससच्या धाकट्या बहिणीला झोपताना गोष्ट सांगते, बस्स. १८३मध्ये कोलोससने किटीचं मन मोडलं आहे, म्हणून वुल्व्हरिन त्याला दारूच्या गुत्त्यात नेतो आणि तिथे योगायोगाने भेटलेल्या जगरनॉट या जुन्या वैऱ्याकडून तो मार खात असताना स्वतः मध्ये पडत नाही. जगाला कुठलाही धोका नाही. अशा अंकांना दहापैकी गुण द्या आणि त्यांची सरासरी फिनिक्सच्या गुणांशेजारी लिहा. माझ्या वहीत १९८२ ते १९८४ची सरासरी सगळ्यात वर आहे. संघ विखुरला ती १९८९-९०ची वर्षं तळाला.

शेवट मोजताना खप दूर ठेवा. १९९१मध्ये नव्या ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांवर खपला. एकेका वाचकाने पाच-पाच मुखपृष्ठं घेतली, तो आकडा लेखनाचा नव्हे. संपादकाशी पटेना म्हणून क्लेअरमाँट त्या मालिकेच्या तिसऱ्या अंकानंतर निघून गेला. जुन्या मालिकेतला २७९वा अंकही दुसऱ्याने पुरा केला. २०००मध्ये तो परतला, पण ते पान वेगळं ठेवा. या बेरजेत घेऊ नका.

आता मित्रांना बोलवा. बोलण्याआधी प्रत्येकाने आपला निकाल चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवायचा, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. ज्याने शाळेनंतर एकही अंक उघडलेला नाही, त्याची चिठ्ठी सगळ्यात शेवटी उघडा.

उरलेली एक तपासणी घरच्या घरी होते. सुपरहिरोंच्या वाटेला न जाणाऱ्या कोणाला १८३वा अंक द्या, काही न सांगता. पुढचा मागितलाच तर १८४ काढून ठेवलेला असू द्या. त्यात भविष्यातून रेचेल येते आणि कोण ही, असं विचारायला ती व्यक्ती स्वतःच फोन करेल.