फीड पंप बदलण्यापूर्वी

नर्मदापुरमहून माल भरून, विंध्याचा चढ चढत भोपाळच्या बाग सेवनियाकडे परतणारी डिझेल पिकअप दम सोडू लागली, की आम्ही व्यापारी प्रथम फीड पंपास दोष देतो. टाकीतील डिझेल ओढून इंजेक्शन पंपाकडे धाडणे हे त्याचे काम. म्हणून संशय स्वाभाविक होय. तथापि तुंबलेला फिल्टर, टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र, सैल जोडातून हवा ओढणारी नळी हे दोषही तीच लक्षणे दाखवितात. ते आधी तपासावेत.

इंजिनावर बसविलेल्या जुन्या धर्तीच्या पंपाचा पडदा फाटला, तर डिझेल ऑइलात उतरते. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे झिजतात. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली व डिझेलचा वास आला, तर पंपाबरोबर ऑइल व त्याचा फिल्टरही बदलणे अगत्याचे आहे.

इंजिन थंड झाल्यावर नळ्या सोडवून त्यांची तोंडे झाकावीत. नवे गॅस्केट घालून पंपाचा दांडा कॅमवर नीट टेकवावा व बोल्ट सारखे कसावेत. मग फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारावा. कॉमन रेल गाडीच्या उच्च दाबाच्या नळ्यांस मात्र आपण हात लावू नये.

चूक कोठे हे पाहिल्यावाचून आपण खातेवही टाकून देत नाही. पंपाविषयीही हाच विवेक असावा.