खाऱ्या टँकमधली कोलंबी : तलासरीच्या भाचीला मामाचे कानमंत्र

पोरी, पेपरमिंट कोलंबीच्या पोटाखाली अंडी दिसली म्हणून तू हरखून गेलीस, ते ठीकच. पण डहाणूच्या तळ्यांवर टायगर कोलंबीत माझी हयात गेली, आणि शोभेच्या कोलंबीचा नाद म्हातारपणी लागला. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. अंडी धरणं हे कोलंबीचं काम, ती ते करतेच. आपलं काम अंडी फुटल्यावर सुरू होतं आणि त्याची तयारी मात्र अंडी फुटायच्या आधी करावी लागते. म्हणून सांगतो ते लिहून ठेव.

पहिला हात पेपरमिंटवरच बसव. क्रॉफर्ड मार्केटात लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली क्लीनर कोलंबी बघितली की जीव जडतो. पण तिचं पिल्लू तळाला पाय टेकायच्या आधी कित्येक महिने पाण्यात तरंगतं. कोरल बँडेडचीही तीच गत. पेपरमिंटचं पिल्लू महिना-सव्वा महिन्यात पाय टेकतं. आणि हिच्यात नर-मादी शोधत बसायला नको. लहानपणी ती नर असते, मोठी झाली की एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही. तरी स्वतःची अंडी तिला स्वतः फळवता येत नाहीत, म्हणून दोन तरी हव्यातच. कात टाकली की काही तासांत जोडी जमते. तळाशी पडलेलं रिकामं कवच बघून कोलंबी मेली म्हणून रडू नकोस. अंग कडक होईपर्यंत ती दगडाआड बसते, तिला शोधायला हात घालू नकोस.

डहाणूच्या खाडीचं पाणी टँकला चालत नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीची ओढ मोठी, पाणी सदा गढूळ, आणि पावसाळ्यात तर ते मचूळच होतं. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं समुद्री मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम घाल, आणि पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025च्या आसपास ठेव. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त आहे, पण ते म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. मीठ धरताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचा बराच भाग निघून जातो, आणि कवच बांधायला कोलंबीला तोच लागतो. खडे मीठ आर्टेमिया, म्हणजे पिल्लांचा जिवंत चारा, उबवायला ठेव, तिथे ते छान चालतं.

पाणी आटलं तर गोडं पाणी घाल, खारं नको. वाफ होऊन पाणी जातं, मीठ जागेवरच राहतं. वरून पुन्हा खारं ओतलंस तर खारटपणा चढत जाईल. टँकच्या काचेवर रेघ मार आणि रोज सकाळी आरओचं पाणी त्या रेघेपर्यंत भर. वैशाखात पाणी 28 अंशांच्या वर चढू देऊ नकोस. झाकण काढून पाण्यावरून छोटा पंखा फिरव. वीज जाण्याचं तुला काय सांगू? बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असूच दे.

किड्याला मारतं ते कोलंबीलाही मारतं. दोघांची जात दूरची का होईना, नात्यातली आहे. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे त्या खोलीत बंद. वाडीत चिकूवर फवारणी करून आलेल्या माणसानं हात साबणानं धुतल्याशिवाय टँकला शिवू नये. माशांच्या औषधांत बऱ्याचदा तांबं असतं आणि तांब्यानं कोलंबी संपते. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंबही टाकू नकोस. आणि कुणी समुद्रातलं प्रवाळ आणून देतो म्हणाला तर हात जोड. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोलंबीला लपायला कौलाचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप पुरतात.

आधी चारा, मग पिल्लं. सगळ्यात मोठा मंत्र हाच. टायगर कोलंबी लाखांनी अंडी समुद्रात सोडून मोकळी होते. पेपरमिंट थोडीच धरते, पण पोटाखाली दीड-दोन आठवडे सांभाळते. हिरवट अंडी निवळली आणि आत डोळे चमकायला लागले की समज, फुटायला आली. त्या दिवशी आर्टेमिया भिजत घाल. कोमट खारं पाणी, जोरात हवा आणि उजेड मिळाला की चोवीस तासांत ती फुटते. ताजी असतानाच खायला घाल, शिळी झाली की तिच्यातलं सत्त्व उतरतं. पिल्लांना पहिल्या दिवसापासून खायला लागतं. उपाशी राहिली तर ती एकमेकांना खातात.

अंडी रात्री फुटतात. दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत. फिल्टर बंद कर, टँकच्या एका कोपऱ्याला टॉर्च लाव. पिल्लं उजेडाकडे धावतात, तिथून कपानं पाण्यासकट उचल. जाळी लावू नकोस, त्यांचे पाय केसासारखे लांब असतात. अंडी धरलेल्या आईला हलवू नकोस, घाबरून ती अंडी झाडते. आणि एखादा घाणा वाया गेला तरी जीव जाळू नकोस. पिल्लं सोडल्यावर ती लगेच कात टाकून पुन्हा अंडी धरते.

पिल्लांचं भांडं गोल तळाचं आणि काळ्या भिंतींचं असावं. कोपरे असले की पिल्लं तिथे अडकून मरतात. हवेचा बुडबुडा मोठा आणि संथ ठेव. खाली बसलेली घाण रोज नळीनं ओढून घे आणि तेवढंच, त्याच खारटपणाचं आणि त्याच ऊबेचं पाणी हळूहळू घाल. एका भांड्यात सगळी पिल्लं ठेवू नकोस, दोन भांडी कर.

शिकायला लांब जायला नको. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभेच्या सागरी माशांचं बीज काढण्याचं काम उभं राहिलं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं शोभेची कोलंबी पैदा केली आणि पिल्लं वाढवायला तिथल्या बायकांच्या हाती दिली. बेटावरच्या बायकांना जमलं ते झाईच्या बंदरातल्या बायकांना का जमू नये?

शेवटचं, आणि हे मोडायचं नाही. 1994च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग देशात आला आणि कोलंबीची तळीच्या तळी बसली. त्या विषाणूला जातीचं सोयरसुतक नाही, शोभेची कोलंबीसुद्धा त्याला चालते. बर्फानं तो मरत नाही. म्हणून बाजारातली कच्ची कोलंबी टँकमध्ये घालू नकोस, घालायचीच तर उकडून घाल. टँकचं काढलेलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेव, मग ओत, आणि तेही खाडीला जाणाऱ्या नाल्यात नको. 2009 साली व्हॅनामेई ही परदेशी कोलंबी आणायला परवानगी मिळाली तेव्हा सरकारनंसुद्धा आधी चेन्नईला विलगीकरणाची सोय केली, आपण तर साधी माणसं. पिल्लं जास्त झाली तर मैत्रिणीला दे, दुकानदाराला परत दे, पण डहाणूच्या खाडीत एकही सोडायची नाही. त्या खाडीवर आपल्या लोकांची चूल पेटते.