टाच उलटी करून बघा

बुटांसाठी माणूस चार दुकानं पालथी घालतो, घालून दोन पावलं चालून बघतो, घासाघीस करतो. मोजे मात्र पैसे देता देता गल्ल्याशेजारच्या टोपलीतून उचलतो. एसी ऑफिसात टेबलाखाली पाय लांब करून बसणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. दिवसभर उभं राहून पोट भरणाऱ्याचं बिघडतं. वाहतूक पोलीस, कुरिअरवाले, वेटर, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सेफ्टी बूट चढवून पाळी करणारे कामगार या सगळ्यांच्या अंगावर सर्वांत आधी झिजतो तो मोजा, आणि सर्वांत कमी विचार होतो तोही त्याचाच.

पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या सुरक्षारक्षकाचा अनुभव या बाबतीत ऐकण्यासारखा आहे. गणवेश आणि बूट एजन्सीने दिले, त्याचे पैसे पगारातून हप्त्याने कापून घेतले. मोजे ज्याचे त्याने आणायचे. खोलीभाडं, खाणावळ आणि गावी पाठवायची रक्कम बाजूला काढल्यावर मोज्यांसाठी कितीसं उरणार? तो आठवडी बाजारात गेला आणि शंभराला तीन जोड्या घेऊन आला. काळे, गुबगुबीत, हाताला लोण्यासारखे मऊ. सौदा जमला म्हणून स्वारी खूश.

आधी वरचं इलॅस्टिक गेलं. मोजा घोट्यावरून घसरायचा, टाचेखाली त्याचा बोळा व्हायचा, आणि रात्री आवाराच्या फेऱ्या मारताना नेमका त्या बोळ्यावर फोड यायचा. मग अंगठ्याशी भोक पडलं. मग टाच विरली. महिनाभरात पुन्हा बाजार, पुन्हा शंभराला तीन. पावसाळा लागल्यावर रेक्झिनचे बूट आतून वाळायचं नाव घेईनात. ओलसर मोजे तसेच दुसऱ्या दिवशी चढवले, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. मलमाची एक ट्यूब तीनही जोड्यांहून महाग पडली.

दिवाळीत सोसायटीतल्या एका कुटुंबाने त्याला चांगल्या दुकानातली, खोक्यात घातलेली ‘बांबू’च्या मोज्यांची जोडी दिली. ती बाजारातल्या मोज्यांहून मऊ होती. त्या बुटांत तिची टाचसुद्धा संक्रांतीच्या आसपास जाळीदार झाली.

इथे ‘स्वस्त ते नास्त’ म्हणून मोकळं होता येत नाही. हिशेब मांडून बघा. शंभराला तीन म्हणजे जोडीला तेहतीस रुपये. ती दीड महिना टिकली तर महिन्याला बावीस रुपये पडले. दीडशेची जोडी आठ महिने टिकली तर महिन्याला एकोणीस. फरक एका कटिंग चहाचाही नाही. आणि ती दीडशेची जोडी तीन महिन्यांतच फाटली, तर स्वस्तवाला शहाणा ठरतो. नुसती किंमत वाढवून टिकाऊपणा विकत मिळत नाही. तो बघून घ्यावा लागतो, आणि कुठे बघायचं हे ठाऊक असेल तर बेताच्या पैशांतही मिळतो.

या रक्षकाला ते एका गणवेशाच्या दुकानात समजलं. शाळेचे, पोलिसांचे, सिक्युरिटीचे कपडे विकणारं जुनं दुकान, गल्ल्यावर वयस्कर मालक.

“काका, जरा मऊ दाखवा की.”

“मऊ कशाला? मऊ लवकर विरतं. हा घ्या, उलटा करून बघा. टाच बघा टाच.”

त्यांनी मोजा उलटा केला, टाचेत मूठ घातली आणि ट्यूबलाइटसमोर धरला. काळ्या सुताच्या पोटाशी एक बारीक, चकचकीत धागा टाक्याटाक्याला बरोबर चालला होता. तो नायलॉनचा. टाच आणि बोटांकडचा भाग अंगठा-तर्जनीच्या चिमटीत बाकीच्या मोज्याहून जाड लागत होता, आणि ताणलेल्या विणीतून उजेड जेमतेम डोकावत होता. शेजारी त्यांनी टोपलीतला एक स्वस्त मोजा तसाच धरला. त्यातून मुठीची चारही बोटं मोजता आली.

मोज्याचं सगळं मर्म या चकचकीत धाग्यात आहे. सूत घाम शोषतं, पायाला गार लागतं, पण घासलं गेलं की तुटतं. नायलॉन घाम फारसा शोषत नाही, पण घर्षणाला सुतापेक्षा कितीतरी पटींनी पुरून उरतं. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने 1935 मध्ये ते तयार केलं आणि 1940 मध्ये बाजारात आल्यावर त्याचा पहिला मोठा खप झाला तो बायकांच्या पायमोज्यांसाठीच. 1958 मध्ये त्याच कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स शोधलं. ताणून सोडलं की मूळ लांबीवर येणारा हा धागा आज मोज्याच्या वरच्या पट्टीत असतो. म्हणून कामाचे मोजे घेताना साधारण सत्तर ते ऐंशी टक्के सूत, पंधरा ते पंचवीस टक्के नायलॉन आणि दोन-चार टक्के स्पँडेक्स असं मिश्रण शोधावं. ‘शंभर टक्के कॉटन’ ही पाटी बनियनवर शोभते. मोज्यावर दिसली तर मी ती कौतुकाने वाचत नाही. निव्वळ सुती मोजा घामाने भिजतो, ओला राहतो, ओल्या कातडीचं घर्षण वाढतं आणि फोड येतात.

घरात एखादा जुना मोजा असेल तर हे डोळ्यांनी दिसेल. विरलेल्या टाचेवर पुष्कळदा भोक नसतं, पारदर्शक जाळी असते. सूत झिजून उडून गेलेलं असतं आणि मागे उरलेला नायलॉनचा सांगाडा एकट्याने टाच धरून बसलेला असतो. ज्या मोज्याचं थेट भोकच पडलं, त्यात तो सांगाडा नव्हता किंवा फार अशक्त होता.

भारतात मोजे विणण्याचं मोठं केंद्र लुधियाना. गोल नळकांड्याभोवती सुया बसवलेल्या यंत्रावर मोजा नळीसारखा विणला जातो. सुयांची संख्या शंभरच्या आसपासपासून दोनशेपर्यंत असते. सुया जितक्या जास्त, तितका धागा बारीक आणि वीण दाट. हा आकडा पाकिटावर नसतो, त्यामुळे बोटांवर भरवसा ठेवावा लागतो. मोजा आडवा ताणून सोडायचा. वीण लगेच पूर्ववत झाली पाहिजे, टाक्यांमध्ये फटी राहता कामा नयेत. वरची पट्टी ताणल्यावर पांढरे रबराचे धागे उघडे दिसले तर खुशाल खाली ठेवावा. तसंच टाचेचं. चांगल्या मोज्याची टाच वेगळी वळवून विणलेली असते आणि तो टेबलावर ठेवला तर इंग्रजी एल अक्षरासारखा पडतो. स्वस्तात टाचच नसते. नुसती सरळ नळी, पायाने आपली टाच आपणच तयार करायची. पाय काय करणार? तो त्या जागी वीण ताणतो आणि ताणलेली वीण आधी फाटते.

लेबल खोटं असेल अशी शंका आली तर घरी एक जुनी युक्ती आहे. मोज्याच्या आतून लोंबणारा सुटा धागा चिमट्यात धरून काडीने पेटवायचा. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर असेल तर केस जळल्याचा वास सुटतो. मिश्र धाग्यात थोडी राख, थोडा मणी दिसतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आता त्या बांबूविषयी. ‘बांबू’ म्हणून विकला जाणारा मऊ धागा बहुतेक वेळा व्हिस्कोज असतो. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून पुन्हा काढलेला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेयॉनच्या वस्तू बांबूच्या म्हणून खपवल्याबद्दल 2022 मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन साखळी दुकानांविरुद्ध कारवाई केली, आणि दोघांचा मिळून दंड 55 लाख डॉलर ठरला. धागा वाईट नाही, पायाला सुखावतो. पण सूत ओलं झालं की थोडं बळकट होतं आणि व्हिस्कोज ओलं झालं की कमजोर पडतं. बारा तास घामेजलेल्या बुटात त्याचं काय होणार ते सांगायला नको. अशी जोडी लग्नाकार्याला घालावी, ड्यूटीवर नाही.

अमेरिकेत राहणारे भाऊबंद कधीकधी तिकडच्या मेरिनो लोकरीच्या मोज्यांचे गोडवे गातात. व्हरमाँटमधली डार्न टफ ही कंपनी आयुष्यभराची हमी देते, फाटले की बदलून देते, हे खरं आहे. जोडी वीस डॉलरच्या पुढे. ज्याचा विषय तंग बजेट आहे त्याने ऐकून घ्यावं आणि लुधियानाकडे वळावं.

गणवेशाच्या दुकानातून रक्षकाने आणलेल्या जोड्या चांगल्या टिकल्या, पण एक कोडं राहिलं. भोक पडायचं ते नेहमी उजव्या टाचेवर, बाहेरच्या बाजूला, त्याच जागी. मोजा नवा, भोक जुन्या पत्त्यावर. शेवटी त्याने बुटात हात घालून चाचपलं. उजव्या बुटाच्या टाचेतलं अस्तर फाटून आतला पुठ्ठा कानशीसारखा वर आला होता. कोपऱ्यावरच्या मोच्याने तिथे मऊ चामड्याचा तुकडा चिकटवून शिवून दिला, मोज्याच्या एका जोडीपेक्षा कमी पैशांत. माझ्या मते निम्म्या मोज्यांचा खून बूट करतात आणि नाव मोज्यांच्या कंपनीवर जातं. भोक अंगठ्याशीच पडत असेल तर नखं बघावीत, आणि मोजा पायाला आखूड आहे का तेही बघावं. ‘फ्री साइज’ हा शब्द दुकानदाराच्या सोयीचा आहे. लहान पायावर तो मोज्याची टाच पोटरीकडे चढवतो, मोठ्या पायावर बोटांकडची वीण सतत ताणून ठेवतो.

धुण्याबद्दल थोडं. मोजा उलटा करून धुवायचा, कारण घाम आणि कातडीचा मळ आत असतो. गार पाणी पुरतं. उकळतं पाणी आणि क्लोरीनचं ब्लीच स्पँडेक्सचा जीव घेतात, धोपटणं आणि ब्रश विणीचा. पिळताना वरची पट्टी मुठीत धरून पीळ देऊ नये. वाळत घालताना चिमटा बोटांकडे लावावा. पट्टीला लावला तर ओल्या मोज्याचा भार तिच्यावर येतो. कडक उन्हापेक्षा वारा बरा.

एक जोडी रोज घालण्यापेक्षा चार-पाच जोड्या आलटून पालटून घातल्या तर प्रत्येकीला पुरतं वाळायला वेळ मिळतो. पावसाळ्यात डब्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक कोरडी जोडी असावी. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ओल्या गारठ्याने सैनिकांचे पाय सडू लागले तेव्हा ब्रिटिश सैन्यात कोरडे मोजे बदलणं ही शिस्तीची बाब झाली होती. फाटकावरच्या माणसाला एवढा धोका नाही, चिखल्यांचा मात्र नक्की आहे. आणि सगळ्या जोड्या एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या घ्याव्यात. मोजे जोडीने फाटत नाहीत. उजवा गेला तरी डावा कामाचा असतो, त्याला दुसऱ्या जोडीतला वाचलेला मोजा चालतो. नक्षीदार, रंगीबेरंगी मोज्यांत हा जुगाड जमत नाही.

टाच विरायला लागली की भोक पडायची वाट न बघता रफू करावं. मोज्यात जुना बल्ब सरकवला की टाच छान ताणून बसते. त्यावर त्याच रंगाच्या धाग्याने आधी उभे, मग त्यांतून खालीवर आडवे टाके घालत जायचे. गाठ मारायची नाही, टोक विणीत जिरवायचं. आज्या हे काम दुपारच्या गप्पांत करायच्या.

मधुमेहींच्या पायाला मात्र असा रफू केलेला मोजा देऊ नये. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे 10.1 कोटी रुग्ण आहेत, आणि रात्रपाळी करणाऱ्या रक्षकांतही ते असणारच. त्यांच्यातल्या अनेकांना पायाची संवेदना कमी असते, टाक्याचा उंचवटा टोचतो आणि कळत नाही. त्यांच्यासाठी वरची पट्टी सैल, बोटांवरची शिवण सपाट आणि रंग पांढरा किंवा फिकट असे मोजे घ्यावेत. जखम झाली तर डाग मोज्यावर दिसतो. काळ्यावर दिसत नाही. एजन्सी काळ्याच मोज्यांचा आग्रह धरत असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी आणि सुपरवायझरच्या हातात द्यावी.