टाचेमागचे दुखणे आणि येऊरचा चढ

प्रश्न : दर रविवारी ठाण्यातील उपवनहून येऊरच्या चढावर धावणाऱ्या डोंबिवलीच्या एका वाचकाला सकाळी टाचेच्या वर, मागच्या बाजूला ताठरपणा व वेदना जाणवतात, धावणे सोडावे काय?

उत्तर : पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या तंतुमय पट्ट्यास अकिलिस कंडरा म्हणतात, आणि टाचेपासून सुमारे 2 ते 6 सेंटिमीटर वर तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असल्याने, चढावरचा ताण अचानक वाढला की तेथील तंतूंची झीज भरून निघत नाही. निव्वळ विश्रांतीने दुखणे ओसरते, पण कंडरा दुबळीच राहते. म्हणून चढ तात्पुरता वगळून, पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली नेण्याचा, होकन आल्फ्रेडसन यांच्या 1998 च्या स्वीडिश अभ्यासाने रूढ झालेला व्यायाम सुमारे 12 आठवडे करावा. मात्र कंडरा हाडाला जुळते तेथेच दुखत असल्यास टाच पायरीखाली नेऊ नये. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी करतानाही अंतर हळूहळूच वाढवावे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांनी कंडरा फाटण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांशी बोलताना ध्यानात ठेवावे. धावताना मागून लाथ बसल्याचा भास होऊन चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटल्याची शक्यता धरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.