एका पगारावर घर: नोकरी सोडण्यापूर्वीचा हिशेब

घरात दोघे कमावते आहेत. मूल लहान आहे, किंवा आईवडील आजारी आहेत. अशा वेळी "एकाच्या पगारात भागते, मग दोघांनी कशाला धावायचे?" हा विचार रास्त आहे. नोकरी सोडणारी पत्नी असो वा पती, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ते परवडते की नाही, हे वही घेऊन ठरवा.

1. खरा तोटा काढा
समजा, दरमहा हातात 28,000 रुपये येतात. पाळणाघर 7,000, प्रवास 2,500, स्वयंपाकाच्या बाई 3,500, बाहेरचे खाणे व इतर 3,000, असे 16,000 रुपये नोकरीपायीच जातात. उरले 12,000. मूळ वेतन 15,000 असेल, तर भविष्य निर्वाह निधी व त्याच्या पेन्शन योजनेत तुमचे 1,800 आणि मालकाचे 1,800 जमा होत होते. तेही थांबतील. म्हणजे खरा तोटा महिन्याला 15,600 रुपये.

2. सहा महिने करून पाहा
राजीनामा देण्याआधी उरणारे 12,000 रुपये दरमहा वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. कर्जाचे हप्ते, शाळेची फी, सणवार सगळे भागले, तर परवडते. वर 72,000 रुपयांची गंगाजळीही तयार होते. ती वाढवत सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी करा.

3. तारखा तपासा
ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे 5 वर्षांची, तर निर्वाह निधीच्या मासिक पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते. दोन-चार महिने कमी पडत असतील तर थांबणे फायद्याचे. नोकरी सुटली म्हणून निधी लगेच काढू नका. 5 वर्षांच्या आत काढल्यास कर लागू शकतो.

4. विमा आधी घ्या
कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते, म्हणून पॉलिसी आधीच घ्या. आता घर एकाच्या खांद्यावर आहे; त्याचा मुदत विमा पुरेसा हवा.

5. स्वतःच्या नावावर पैसा ठेवा
इंदूरच्या शाखेत असताना एक ताई आल्या होत्या. नोकरी सोडून आठ वर्षे झाली होती. घरात ठेवी भरपूर, पण सगळ्या पतीच्या नावावर. त्या म्हणाल्या, "आईच्या औषधाला पाचशे रुपये हवे असले तरी मागावे लागतात." घरात भांडण नव्हते, कुणी वाईट नव्हते. ठरवायचे राहून गेले होते, एवढेच.

म्हणून राजीनाम्याच्या दिवशीच ठरवा: घरखर्चाखेरीज ठरावीक रक्कम दरमहा सोडणाऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होईल. त्यातून पीपीएफ खाते चालवा. वर्षाला किमान 500 आणि जास्तीत जास्त 1.5 लाख रुपये भरता येतात, मुदत 15 वर्षांची, व्याज करमुक्त.

लक्षात ठेवा: पगार एकाचा असला तरी घर दोघे चालवतात. खातेपुस्तकातही दोघांची नावे दिसू द्या. शंका असल्यास शाखेत दोघे मिळून या.