झाडलेले घर



आपली लढाई माणसांशी नसून दुष्टाईच्या शक्तींशी आहे, असे संत पौल शिकवतो (इफिस ६:१२). आपल्या जंगलभागात ही शक्ती दारूच्या रूपाने घरात शिरते. दोष मोहाच्या फुलाचा नाही, ते तर कित्येक घरांचे अन्न आहे. दोष आहे तो दुसऱ्याच्या व्यसनावर पैसा करणाऱ्या लोभाचा.

गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मग ती पायपीट वाया गेली काय? आम्हांला तसे वाटत नाही. मात्र प्रभू येशूचे बोल आठवतात: झाडून ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो (लूक ११:२४-२६). कायद्याने घर झाडले जाते, पण ते रिकामेच राहते. दारू सोडलेल्या माणसाची संध्याकाळही अशीच रिकामी असते. तेव्हा त्याच्या ओसरीवर कोण बसते? जुने सोबती की आपण?

या आठवड्यात अशा एका घरी जपमाळेसाठी बसू या. दारू विकणाऱ्यासाठीही प्रार्थना करू या. पौलाच्या हिशेबी तोही आपला शत्रू नाही.